डाव्या हाताची गाडी

अर्थिंगच्या वायरींचा किट बसवला की गाडी सुधारते. पण ज्या गाडीला बसवला ती नाही, तिच्या डाव्या हाताला जी उभी असते ती.

घाटमाथ्यावरच्या आमच्या गावात माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शाळा मी लवकर सोडली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या मालावर झालं. विकला गेलेला माल काही शिकवत नाही, परत आलेला शिकवतो. किट म्हणाल तर फार मोठं प्रकरण नाही. निळ्या आवरणाच्या पाच जाड तांब्याच्या वायरी. एकीकडची टोकं बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरीकडची इंजिनाला, गिअरबॉक्सला, बॉडीला. खोक्यावर धावत्या गाडीचं चित्र आणि खाली छापलेलं: पिकअप वाढतो, दिवे उजळतात, सेल्फ एका झटक्यात लागतो.

पहिला किट फोटोग्राफर सदलग्यांनी नेला आणि आठवड्याच्या आत काउंटरवर आणून ठेवला.

"मगदूमशेट, काडीचा फरक नाही."

या धंद्यात एक गंमत असते. स्वतःचे पैसे घालून आणलेल्या वस्तूने माणसाला गाडी आपोआप हलकी वाटायला लागते. आपण फक्त "काय, कशी चाललीय?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं, बाकीची जाहिरात तो स्वतः करतो. सदलगे त्यातले नव्हते. दिसतं तेवढंच दिसतं म्हणणारा माणूस. लग्नाच्या फोटोत नवरदेव झोपेत आला तर झोपेत आला, असं तोंडावर सांगणारा.

किट परत घेऊन ठेवावा म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात जंगम गुरुजी आत आले. हे निवृत्त मुख्याध्यापक, सदलग्यांचे शेजारी.

"माझ्या गाडीला हात कुणी लावला?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"का, काय बिघडलं गुरुजी?"

"बिघडली असती तर मी आलो असतो का? सुधारलीय! काल बाजाराच्या चढाला दुसरा गिअर टाकायचा तर तिसऱ्यात निघून गेली. दिवे लावले तर समोरच्या घरातली माणसं पाहुणे आले म्हणून दार उघडून उभी राहिली. या वयात मला हे झेपायचं नाही."

मी विचारलं, गाडी कुठं लावता? म्हणाले, सदलग्यांच्या डावीकडे, नेहमीच्याच जागी. मग आम्ही दोन्ही गाड्यांच्या जागा बदलून पाहिल्या. गुरुजींची गाडी उजवीकडे गेली आणि पुन्हा दुसऱ्यात कण्हायला लागली. गुरुजींना बरं वाटलं. सदलग्यांच्या डावीकडे आता दूधवाल्याची गाडी होती, तिचे दिवे उजळले.

मी पुण्याच्या वितरकाला फोन लावला.

"हो, डावीकडेच जातं ते," तो म्हणाला. मागे त्याचा जेवणाचा डबा वाजत होता. "तक्रार काय आहे?"

"खोक्यावर लिहिलंय गाडी सुधारते म्हणून."

"सुधारली ना?"

"सुधारली. पण शेजाऱ्याची."

"मग छापलंय ते बरोबरच आहे की."

"उजवीकडे जाणारा माल मिळेल का?"

"मिळतो. पण तो ज्या देशात उजव्या बाजूने गाड्या चालतात त्यांच्यासाठी. इथं आणून लोकांना घोळात पाडू नका, शेट."

त्याचं म्हणणं मला पटलं. माल खोटा नव्हता, गिऱ्हाईक चुकीचं होतं. पण शेजाऱ्याची गाडी पळावी म्हणून स्वतःच्या खिशात हात घालणारं गिऱ्हाईक आमच्या गावात नव्हतं, दुसरीकडे असेल असंही मला वाटत नाही. काहींनी युक्त्या केल्या. वरच्या गल्लीतल्या एकाने गाडीच्या डावीकडे कुणी नको म्हणून आपलीच सायकल लावली. सायकल इतकी सुधारली की चढाला पायडल मारावं लागेना, पण त्याला जायचं असायचं कोल्हापूरला, सायकलवर कुठं जाणार? दुसऱ्याने गाडी भिंतीला खेटून लावली. भिंतीची ओल गेली. त्याने खोली भाड्याने दिली आणि गाडी विकून टाकली.

तोडगा शेवटी लोकांनीच काढला, आणि तो आमच्याकडे पूर्वीपासून होताच: साटंलोटं. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. दोन गाड्या शेजारी लावायच्या, एकीचं तोंड आत, दुसरीचं बाहेर. असं उभं केलं की प्रत्येक गाडी दुसरीच्या डाव्या हाताला येते. कागदाचे दोन तुकडे घेऊन करून पाहा. दोन्हींना किट बसवायचा आणि निदान अर्धा दिवस सलग उभ्या ठेवायच्या, की दुसऱ्या दिवसापुरतं भागतं. मला किट जोडीने विकता यायला लागले.

साटंलोटं म्हटलं की बैठक आली. दोन्हीकडची माणसं माझ्या दुकानात बसायची. मधे मी.

"गाडी कुणाच्या हातात असते?"

"मुलाच्या."

"रात्री वेळेवर घरी येते का?"

"गाडी येते."

"आमची डिझेल आहे. तुमची?"

"पेट्रोल. पण आम्ही काही मानत नाही."

मग चहा, मग फिटिंग. रात्री गावातून फिरताना कुठल्या दोन घरांचं जमलंय ते गाड्यांच्या तोंडांवरून कळायचं. एका जोडीतल्या मालकाने रागाच्या भरात गाडी फिरवून सरळ लावली तर सकाळी अख्खी गल्ली समजूत घालायला जमली होती.

सगळं सुरळीत चाललं असताना सुलभा खारवी दुकानात आली.

सुलभा मूळची रत्नागिरीची. नवरा गेल्यावर त्याची व्हॅन तिने स्वतः चालवायला घेतली. मध्यरात्री घाट उतरून बंदरावर जायचं, मासळी बर्फात घालायची आणि सकाळी घाट चढून आमच्या बाजारात यायचं. दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत व्हॅन इथंच उभी. मी जैन माणूस, मासळीबाजारात कधी पाऊल टाकलं नाही. पण फॅन बेल्ट सगळ्यांच्याच गाडीचा तुटतो, त्यामुळे आमची ओळख जुनी.

"शेट," ती काउंटरला टेकून म्हणाली, "मधल्या वळणावर गाडी दम टाकते. बॉनेट उघडून उभी राहते मी, आणि वरून जाणारे येणारे विचारतात, मावशी, काय शिजवताय?"

"इंजिन उघडायला लागेल."

"उघडलं. म्हातारं झालंय, चालवा तसंच, असं मेस्त्री म्हणाला. पण मुसळेमालक थांबत नाय ना."

मुसळे म्हणजे मासळीबाजाराला लागून असलेल्या खानावळीचे मालक. सुलभाची निम्म्याहून जास्त मासळी एकटे तेच घ्यायचे. त्यांनी तिला निक्षून सांगितलं होतं: सात वाजता मासळी माझ्या ओट्यावर पाहिजे. आता श्राद्धपक्ष आणि नवरात्र, खाणारे कमी, तोवर बघतो. नवरात्र उठलं आणि तरीही नऊ वाजत असतील तर कोल्हापूरचा टेम्पो लावतो.

"ते गिऱ्हाईक गेलं तर?" मी विचारलं.

"व्हॅन विकायची आणि भावाच्या दारात जाऊन बसायचं. भाऊ चांगला आहे. भावजय पण चांगली आहे. म्हणूनच नको."

मी किट तिच्यापुढे ठेवला आणि विकणाऱ्याने जे सांगायला नको ते सांगितलं: हा तुझ्या गाडीला बसवून तुला काही उपयोग नाही.

"तेवढं कळतं ओ मला. वायर नकोच आहे मला, शेजार पाहिजे."

सगळी अडचण तिथंच होती. मासळीच्या व्हॅनला अर्धा दिवस कोण खेटून उभं राहणार? तरी मी मध्यस्थी पत्करली आणि बैठकी सुरू केल्या.

सदलगे म्हणाले, "शेट, माझ्या गाडीत नवऱ्या बसतात. वरातीत तिनं नाकाला पदर लावला तर फोटोत काय सांगू, रडतीय म्हणून?"

गुरुजी म्हणाले, त्यांना गाडी सुधारायचीच नाही. शिवाय मांजरं येतील.

दूधवाला नुसता हसला आणि दुधाचे कॅन दाखवले. मला माझीच लाज वाटली.

कापडवाल्याने सुलभाच्या तोंडावर सांगितलं, "ताई, तुमच्याबद्दल आदर आहे."

"आदर घाट चढतो काय?" ती म्हणाली आणि उठली.

हो म्हणाला तो एकटा हरिबा. हा एका सेवा मंडळाची शववाहिका चालवायचा.

"माझ्या गिऱ्हाइकांनी आजवर कसल्याच वासाची तक्रार केलेली नाही," तो म्हणाला. "पण साटंलोटं पाहिजे हं. माझी पण चढाला दमते."

मंडळाच्या शेडमध्ये दोन्ही गाड्या उलटसुलट लावल्या, दोन्हींना मी स्वतः किट बसवले. दुसऱ्या दिवशी सातच्या आधी व्हॅन बाजारात हजर. मधलं वळण तिने तिसऱ्यात घेतलं होतं. सुलभाने खानावळीच्या ओट्यावर पाट्या उतरवल्या तेव्हा मुसळेमालक अजून दात घासत होते. तोंडात फेस तसाच ठेवून त्यांनी मान डोलावली.

त्याच सकाळी गावात एक मयत होतं. हरिबाने नेहमीसारखा पाय ठेवला आणि शववाहिका सुटली. मागून चालणारी माणसं आधी झपझप चालली, मग पळायला लागली, मग थांबली. स्मशानात मयत आधी पोचलं आणि बराच वेळ एकटं होतं. मंडळाच्या सभेत मयताच्या मुलाने एवढंच म्हटलं की वडील आयुष्यभर सगळ्यांसाठी थांबत आले, त्यांना असं पुढं पाठवायला नको होतं. त्याच दिवशी दोन्ही गाड्यांचे किट काढून हरिबाने परत आणले.

"चूक माझी नाही, शेट," तो म्हणाला. "पण मयताची तर मुळीच नाही."

पुढच्याच सकाळी व्हॅन पुन्हा मधल्या वळणावर उभी होती. आणि मुसळेमालक आता तर जास्तच चिडले. आधी त्यांना वाटायचं हिला जमत नाही, आता वाटायला लागलं हिला जमतं पण ही करत नाही. नवरात्र उठायला दोन दिवस राहिले होते.

संध्याकाळी मी घरी विषय काढला. आमच्या घरात अशा गोष्टींचा निवाडा माझी बायको त्रिशला करते. ती पूर्वी शाळेत गणित शिकवायची आणि रोज सकाळी आमच्या गाडीतून जिनमंदिरात जाते.

"आपली गाडी दिवसभर दुकानासमोरच उभी असते," मी म्हणालो.

"असते."

"तिच्या डावीकडे जागा आहे."

ती भाजी निवडत होती. तिने एक देठ बाजूला काढलं. "कुणाला द्यायचीय ते सरळ सांगा."

मी सांगितलं. तिने उरलेली भाजी निवडून संपवली. मग विचारलं, "आपल्या गाडीला किट लागला तर गुण तिकडे जाणार?"

"हो."

"आणि तिच्या गाडीचा गुण आपल्याकडे?"

"तोंडं उलटी लावली तर येणार. सरळ लावली तर नाही."

"मग सरळ लावा. द्यायला काहीच हरकत नाही, कुणालाही द्यावं. पण मासळीच्या गाडीवर आपली गाडी पळता कामा नये. मी देवाला जाते तिच्यातून. द्यायचं, घ्यायचं नाही."

मला वाटलं, सुटलं. सकाळी सुलभाला बोलावून सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे दान?"

"दान नाही गं, शेजार."

"शेजारात देणंघेणं असतं. नुसतं घेणं म्हणजे भावाच्या दारात बसणंच झालं की! तिकडे निदान माझंच माहेर आहे." तिने चावी काउंटरवर आपटली. "माझ्या गाडीला पण किट लागला पाहिजे. माझं पण जाऊदे कुठंतरी. नायतर मी येत नाय."

"आमच्याकडून घेता येणार नाही, सुलभा. घरातून तसा निर्णय आहे."

"वहिनींच्या निर्णयाला मी काय बोलत नाय. माझा पण निर्णय आहे."

अशा वेळी मध्यस्थाने गप्प बसून जागा मोजायला घ्यावी. मी बाहेर आलो. दुकानासमोर माझी गाडी. तिच्या डावीकडे एक व्हॅन मावेल एवढी जागा. आणि त्या जागेच्या डावीकडे, हातभर अंतरावर, चौकातला सार्वजनिक नळ. त्या नळाला पाणी येतं म्हणायचं एवढंच. उंचावरच्या चार गल्ल्या त्याच्यावर, आणि घागर भरेपर्यंत बायकांची भांडणं होऊन, मिटून, नवी सुरू व्हायची.

"दोन्ही गाड्यांची तोंडं एकीकडे," मी म्हणालो. "माझ्या गाडीचं तुझ्याकडे येतं. तुझ्या गाडीचं नळाला जातं."

सुलभा नळाकडे पाहत राहिली. "नळ घेईल?"

"भिंतीने घेतलं होतं."

"पण ते पाणी तुमच्या घरी जातं काय?"

"आमची विहीर आहे."

तिने चावी उचलली. "किटचे पैसे मी देणार. उधार नाय."

मी पैसे घेतले. त्रिशलाला विचारलं नाही, कारण माल विकणं हे घेण्यात धरत नाहीत.

त्याच दुपारी दोन्ही गाड्या लागल्या. घागर घेऊन आलेल्या पहिल्या बाईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "इथं कशाला ओ शेट ही पीडा?" संध्याकाळपर्यंत नळाची धार बोटाएवढी झाली. दिवेलागणीला मनगटाएवढी. बायकांना वाटलं कुठंतरी पाइप फुटला. मग घागरी एकामागून एक भरायला लागल्या आणि भांडायला वेळच उरला नाही. मध्यरात्रीच्या आधी सुलभा बंदराकडे निघाली तेव्हा एकजण तिला म्हणाली, "उद्या पण इथंच लावशील न्हवं, बाय?"

"बघते," सुलभा म्हणाली. भाव खायची संधी तिला वर्षात पहिल्यांदा मिळाली होती.

नवरात्र उठलं त्या सकाळी मी गाडी काढून मासळीबाजारापर्यंत गेलो. आत नाही गेलो, रस्त्याच्या पलीकडे थांबलो. मुसळेमालक खानावळीच्या पायरीवर घड्याळ बघत उभे होते, शेजारी कोल्हापूरचा टेम्पोवाला विडी ओढत होता. सात वाजायला अजून अवकाश असताना व्हॅन वळणावरून आली. आवाज असा की नवीन वाटावी. सुलभाने ओट्यावर पाट्या उतरवल्या. मुसळेमालकांनी एक बांगडा उचलून डोळा पाहिला, कल्ला पाहिला, आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "तुम्ही जावा आता. मी फोन करीन."

"कधी?"

"करीन हो."

टेम्पो गेला. मी समाधानाने गाडीत बसलो आणि चावी फिरवली. गाडी चालू होईना. तिचं काय सुधारणार? ती होती तशीच, जुनी आणि रुसकी होती. किटाचा जो काय गुण होता तो काल दुपारपासून डावीकडे गेला होता. दुसऱ्यांदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. खाली बाजारात मासे विकणारी, घेणारी सगळी माणसं थांबून बघायला लागली.

सुलभा ओल्या हातानेच रस्ता ओलांडून आली.

"शेट, दुसऱ्यात टाका आणि क्लच दाबून धरा," ती म्हणाली, आणि मागे ओरडली, "या गं दोघीतिघी!"

त्यांनी गाडी ढकलली. बाजाराच्या उतारापर्यंत नेली, आणि तिथं ती धडधडून चालू झाली. आरशात पाहिलं तर चौघी हसत हात झटकत होत्या.

घरी आलो तेव्हा त्रिशला मंदिरात जायला तयार होऊन बाहेर उभी होती. डिकीवर चार जोड ओल्या हातांचे ठसे होते आणि एक चमकता खवला चिकटला होता. तिने ते पाहिलं.

"काय घेतलंत?" तिने विचारलं.

"धक्का घेतला."

तिने थोडा विचार केला. आतून ओलं फडकं आणलं, डिकी स्वतः पुसली, फडकं दाराबाहेर वाळत टाकलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

"धक्का चालतो," ती म्हणाली. "चला, उशीर होतोय."